ऊब धरणारी पेटी

डॉक्टरांनी आधी ऑड्रीलाच विचारलं, "आजवर कामधंदा काय केलात?"

"लोकरीच्या दुकानात होते," ती म्हणाली. "त्याआधी शाळेच्या स्वयंपाकघरात. का हो? बटाटे सोलून छातीत पाणी होतं का?"

डॉक्टर हसले नाहीत. ते तिच्या नवऱ्याकडे, मॅटीकडे वळले. "आणि तुम्ही, मिस्टर हेस्लप?"

"बसच्या डेपोत. त्याच्या आधी सोळा वर्षं खाली गोदीत. लॅगर होतो."

लॅगर म्हणजे बोटीतल्या वाफेच्या नळांना अस्तर घालणारा. उत्तर इंग्लंडमधल्या टाइन नदीच्या काठावर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टरांनाही लागलं नाही. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुमचे कामावरचे कपडे घरी कोण धुवायचं?"

उत्तर ऑड्रीने दिलं. "मीच की. दुसरं कोण धुणार, राणीसाहेब?"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने मांडीवरची पर्स उगाचच उघडली आणि बंद केली.

अ‍ॅसबेस्टॉसचं पांढरं पीठ असायचं ते. गोदीतली पोरं ते पिंपात पाणी घालून कणकेसारखं मळायची, नळांवर थापायची आणि जेवणाच्या सुट्टीत त्याचे गोळे करून एकमेकांना मारायची. संध्याकाळी मॅटी घरी यायचा तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. ऑड्री त्याची डांगरी, कामाचा तो अंगभर पोशाख, मागच्या दारात नेऊन फटाफटा झटकायची आणि मग धुवायला टाकायची. आठवड्यातून दोनदा. लग्न झाल्यापासून मॅटीने गोदी सोडेपर्यंत, सलग बारा वर्षं.

डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. अ‍ॅसबेस्टॉसच्या धुळीने होणारा, फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होता. तो तीस-चाळीस वर्षं गुपचूप बसून राहतो, म्हणाले, आणि एकदा उठला की फार वेळ देत नाही. औषधांनी दुखणं हलकं करता येईल, आजार नाही. उन्हाळ्यापर्यंत कदाचित. मॅटीच्याही छातीचा फोटो काढला होता, तो स्वच्छ निघाला. "तुमच्या वयाच्या मानाने तुमची छाती उत्तम आहे," असं डॉक्टर म्हणाले आणि लगेच समोरचे कागद सारखे करायला लागले.

दोघं बसने हेबर्नला घरी परतली. उतरल्यावर ऑड्री म्हणाली, "घरात पाव नाहीये. कोपऱ्यावरून एक स्टॉटी घेऊन ये. मोठा आण, उद्यालाही होईल."

ही फेब्रुवारीतली गोष्ट.

त्यानंतर मॅटीला घरात बसवेना. पुढच्या खोलीत ऑड्री खोकली की तो उठायचा आणि मागच्या गॅरेजमध्ये जाऊन उभा राहायचा. तिने एकदा तरी त्याला शिवी हासडावी, हाताला लागेल ते फेकून मारावं, असं त्याला वाटे. ती मात्र पूर्वीसारखीच दारातून ओरडायची, "चहा टाकतेय रे, घेणार का?" लीड्सला मुलगी होती, लिनेट. तिलाही आईनेच फोनवर सगळं सांगितलं, तेही कुणा परक्या बाईबद्दल सांगावं तसं. "तुझ्या बाबाचे कपडे धुतले ना, त्याचं हे बक्षीस," असं म्हणून हसलीसुद्धा. मॅटी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होता.

गॅरेजमध्ये त्याच्या बिअरच्या बादल्या होत्या. गेली कित्येक वर्षं तो डब्यातल्या पाकाची बिअर करायचा. डबा उघडायचा, घट्ट पाक बादलीत ओतायचा, वर साखर, पाणी, यीस्ट. मार्चच्या सुरुवातीला ऑड्रीच्या तोंडाची चव गेली. सूप बेचव, चहा बेचव. एकदा तिने मॅटीच्या ग्लासातला घोट घेऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"तोंडात पितळेचं नाणं धरल्यासारखं लागतंय."

"औषधांमुळे असेल."

"औषधं कसली! हे आधीपासून असंच लागतं. मी तीस वर्षं बोलले नाही, इतकंच." मग जरा थांबून ती म्हणाली, "आमचे बाबा रविवारी पबमधून मगभर काळी स्टाउट बिअर आणायचे. त्यातला घोटभर मला द्यायचे. करपलेल्या पावासारखी लागायची. तसलं काही मिळालं तर घेईन मी."

महिनाभरात तिने मागितलेली ती पहिली गोष्ट. मॅटी तसाच, घरातल्या चपला घालूनच, दोन घरं सोडून राहणाऱ्या व्हिन्स पर्विसकडे गेला.

व्हिन्स हा शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, लांबच लांब हातांचा माणूस. परसात स्पर्धेसाठी लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची भाजी, लावायचा आणि खरीखुरी बिअर करायचा, धान्यापासून.

"डब्यातला पाक म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास," व्हिन्स म्हणाला. "तुला स्टाउट करायची ना, मग जवाचं माल्ट घे, मोड आणून वाळवलेलं, भरडलेलं. थोडं काळंकुट्ट भाजलेलंही घे. आणि गरम पाण्यात तासभर भिजव. सगळी गोम त्या तासात आहे. सहासष्ट अंश. साठावर आलास तर बिअर पाणचट होते, बहात्तरवर गेलास तर नुसता गोड चिकटा."

"तासभर सहासष्टवर धरायचं कसं? खाली गॅस ठेवून?"

"गॅसने तळाला लागतं. ऊब धरणारी पेटी लागते. स्टीलची विकत घ्यायला गेलास तर तीनशे पौंड. मी काय खुळा आहे? सहलीला नेतात ती थंडपेटी घ्यायची. जी थंड धरते ती गरमही धरते. आत काय ठेवलंय ते पेटीला कुठे कळतं?"

मॅटीने माळ्यावरून त्यांची जुनी निळी थंडपेटी काढली. लिनेट लहान असताना ते ती घेऊन समुद्रावर जायचे. ती घासूनपुसून त्याने खालच्या बाजूला भोक पाडलं, दोन्हीकडून रबराचे वायसर लावून पितळी तोटी बसवली. भंगारवाल्याकडून तांब्याची नळी आणली, पाच पौंडांत. तिचे तुकडे करून, एल्बो आणि टी असे सांधे जोडून पेटीच्या तळाशी बसेल अशी चौकट केली. मग हॅक्सॉने नळीच्या खालच्या अंगाला चिरा पाडल्या, बोटाबोटाच्या अंतरावर, अर्ध्या नळीपर्यंत. त्या चिरांतून पाणी आत यावं आणि भरड बाहेर राहावी. सांधे झाळले नाहीत, नुसते दाबून बसवले, म्हणजे धुवायला सुटे करता येतात. दोन दिवस गेले त्यात. हातांना सवयीचं काम मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅटीला कळलं की आपण शीळ घालतोय. त्याचे ओठ तिथेच आवळले गेले आणि पुढचं काम त्याने दात खाऊन केलं.

शनिवारी व्हिन्स थर्मामीटर घेऊन आला. पेटीत सत्तर अंशांचं पाणी भरलं, झाकण लावलं. तासाभराने उघडून पाहिलं तर चौसष्ट.

"सहा अंश गेले," व्हिन्स म्हणाला. त्याने झाकणावर बोटाने टकटक केलं. "हे बघ, पोकळ. सगळ्या पेट्यांची झाकणं अशीच असतात. यात फोम भर. आणि बाहेरून दोन थर गुंडाळ. आता हे तुला मी काय सांगायचं, लेका? अख्ख्या नदीवर तुझ्यासारखा अस्तरवाला नव्हता."

ते खरं होतं. मॅटीने अस्तर घातलेल्या नळावर, आत वाफ रोंरावत असताना, मुकादमाने एकदा पैज मारून गाल टेकवला होता आणि तसाच हसत उभा राहिला होता. ती गोष्ट व्हिन्सलाही ठाऊक होती. पण या घडीला आपण काय बोललो हे व्हिन्सला मॅटीचा चेहरा पाहून उमजलं. त्याने थर्मामीटर पुसून खिशात ठेवला आणि "जातो रे, लीकना पाणी घालायचंय," म्हणून निघून गेला. बाहेर पाऊस पडत होता.

सोमवारी सकाळी मॅटीच्या पायरीवर व्हिन्सने ठेवलेलं सामान होतं. तंबूत अंथरायच्या फोमच्या दोन चटया, फवारायच्या फोमचा डबा, रुपेरी चिकटपट्टी. मॅटीने ते गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं आणि आठ दिवस त्याला हात लावला नाही. साधा फोम होता तो. त्याने कुणाचं काही वाईट होत नाही, हे त्याला कळत होतं. तरी गॅरेजमध्ये गेला की तो चटईच्या गुंडाळीला वळसा घालून पलीकडे जायचा.

"झाली का माझी स्टाउट?" ऑड्रीने एकदा विचारलं.

"झाकणाचं राहिलंय."

"झाकणाला आठ दिवस? क्वीन मेरी बोट बांधतोयस का?" ती खोकत खोकत म्हणाली. तिच्या आवाजात घाई होती. ती त्याने ऐकली.

मंगळवारी व्हिन्सच्या बायकोने ऑड्रीला केस कापायला नेलं. तीन-चार तास तरी येणार नव्हत्या. मॅटीने जुनी पँट आणि स्वेटर चढवला, गॅरेजची दारं लावून घेतली, फटीत फडकी कोंबली. तोंडाला मास्क बांधला, हातात मोजे घातले. झाकणाला चार भोकं पाडून आत फोम सोडला. चटया मापाने कापून पेटीभोवती दोन थर दिले, सांध्यावर सांधा येऊ न देता, गोदीत शिकवला होता तसा. पट्टी ओढून चिकटवली. एक सुरकुती राहिली नाही. मग त्याने जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसली. अंगावरचे सगळे कपडे उतरवले, काळ्या पिशवीत भरले, पिशवीचं तोंड बांधून ती दुसऱ्या पिशवीत घातली, आणि नुसत्या चड्डीवर, मार्चच्या वाऱ्यात, अंगण ओलांडून कचऱ्याच्या डब्याकडे निघाला.

स्वयंपाकघराच्या खिडकीत ऑड्री उभी होती. केस कापायला बसवेना म्हणून अर्ध्यातूनच परत आली होती. एका कानावरचे केस आखूड होते, दुसऱ्यावरचे तसेच.

ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत मॅटी तसाच अंगणात पिशवी धरून उभा राहिला. मग तिने खिडकी उघडली.

"काय रे हे? आत ये, मरशील."

"कपडे घरात आणायचे नव्हते."

ऑड्रीने पिशवीकडे पाहिलं. तिच्यावर मारलेल्या दोन गाठींकडे पाहिलं. "चाळीस वर्षं उशीर झाला, बाबा," ती म्हणाली.

तिने ते गमतीने म्हटलं होतं. पण तोंडातून बाहेर पडल्यावर त्यात काही गंमत राहिली नाही. मॅटी आत आला, ऑड्रीने खुर्चीवरची शाल त्याच्या उघड्या खांद्यांवर टाकली, आणि दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली.

"मला माहीत असतं तर," मॅटी म्हणाला.

"माहीत असतं तर गोदीतच नागडा होऊन घरी आला असतास. ठाऊक आहे मला. पोलिसांनी धरलं असतं तुला." तिने शाल त्याच्या गळ्याशी नीट ओढली. "ऐक. माझं जाऊ दे. मला दुसरंच काही खातंय. लिनेट."

"लिनेटचं काय?"

"डांगरी पिठाने भरून जड व्हायची. मला एकटीला झटकायला यायची नाही. ती चार-पाच वर्षांची होती. मी खांद्याकडून धरायची, ती पायांकडून. एक, दोन, तीन! तिला फार मजा वाटायची. डोक्यावर पडायचं तिच्या सगळं, आणि ती नाचायची. तू कामावरून येऊन आंघोळीला गेलेला असायचास. तू कधी पाहिलं नाहीस."

मॅटीने टेबलाची कड धरली.

"तिला आठवत नाही," ऑड्री म्हणाली. "मी आडून आडून विचारून पाहिलं. काही आठवत नाही. आणि डॉक्टरांनाही विचारलं मी, तू बाहेर गेलास तेव्हा. आधी कळायची सोय नाही, कळलं तरी करण्यासारखं काही नाही. होईल नाहीतर होणार नाही. मग सांगून काय करायचं? तिची दोन पोरं आहेत. मला शब्द दे, तू बोलणार नाहीस."

मॅटीने शब्द दिला.

बिअर त्यांनी त्या आठवड्यातच केली. ऑड्रीला गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसवलं, पायावर ब्लँकेट. व्हिन्सने मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं. पेटी आधी गरम पाण्याने विसळून तापवून घेतली, मग पाणी आणि पाच किलो भरड. मॅटी लाकडी पळीने ढवळत होता आणि गुठळ्या फोडत होता. थर्मामीटर सहासष्टवर येऊन थांबला. झाकण लावलं.

तासभर तिघं बसून राहिली. व्हिन्स लीकबद्दल बोलत होता. कुणीतरी त्याच्या लीकना विष घालतंय असा त्याला दरवर्षी संशय यायचा. ऑड्री त्याला चिडवत होती. "तूच घालत असशील, हरायचं निमित्त पाहिजे म्हणून."

तासाने झाकण उघडलं. गॅरेजभर भाजक्या पावाचा वास पसरला. व्हिन्सने थर्मामीटर काढून डोळ्यांजवळ नेला.

"साडेपासष्ट! अर्धा अंश, मॅटी! तासात अर्धाच अंश!" त्याने मॅटीच्या पाठीवर थाप मारली. "तीनशे पौंडवाल्यांनासुद्धा हे जमत नाही, लेका!"

मॅटीने तोटीखाली बादली सरकवली. आयुष्यभर त्याला एकच गोष्ट उत्तम करता आली होती, आणि ती त्याला अजून तितकीच उत्तम करता येत होती.

तोटी सोडली. पहिलं पाणी गढूळ आलं, ते परत वर ओतलं. मग काळं, चकचकीत, नितळ पाणी यायला लागलं. त्याची बिअर व्हायला अजून उकळणं, हॉप्सची कडू फुलं, यीस्ट आणि कितीतरी आठवडे बाकी होते. ऑड्रीने हात पुढे केला.

"थोडं दे मला."

"ही अजून बिअर नाहीये गं. नुसता गोड काढा आहे."

"दे तर."

मॅटीने चहाच्या कपात भरून दिला. तिने फुंकर घातली, घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. मग दुसरा घेतला. मॅटी आणि व्हिन्स लहान पोरांसारखे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"लागतंय," ती म्हणाली. "चव लागतेय मला."

अख्खा कप तिने संपवला. मॅटीने दोन बाटल्या तशाच काढून फ्रीजमध्ये ठेवल्या, आणि ती तीन दिवस दुसरं काही न घेता तेच पीत राहिली. चौथ्या दिवशी तेही नको झालं.

एप्रिलच्या मध्याला स्टाउट बाटल्यांत भरली. तोवर ऑड्रीला गिळता येत नव्हतं. बारा मेला, सकाळी दहाच्या सुमाराला, नर्स तिची उशी बदलत असताना ती गेली. मॅटी खाली दूधवाल्याशी बोलत होता.

लिनेट आठवडाभर राहिली. आईची कपाटं आवरली, कपडे दान केले, बँकेला पत्रं लिहिली. बाटल्या मॅटीने सगळ्या व्हिन्सला दिल्या. त्याने अंत्यविधीनंतरच्या चहाला त्यातल्या काही आणून उघडल्या. लोकांनी फार नावाजल्या. मॅटीने प्यायली नाही.

निघायच्या आदल्या दुपारी लिनेट गॅरेजमध्ये आली. पेटीवरून हात फिरवत म्हणाली, "आई फोनवर सांगायची याच्याबद्दल. सुंदर केलंयस, बाबा."

मॅटी फडक्याने तोटी पुसायला लागला.

"तू स्वतःला खात बसू नकोस. तुला माहीत नव्हतं. कुणाला माहीत होतं?" तिने उसासा टाकला. "एवढंच बरं, की मी लहान होते. कपडे धुवायच्या वयाची असते तर मलाही कामाला लावलं असतं आईने."

मॅटीला मान हलवता आली असती. तेवढंच करायचं होतं. ऑड्रीला दिलेला शब्द त्याच्या ध्यानात होता, आणि तरी त्याने तोंड उघडलं. खांद्याकडून आई, पायांकडून तू. एक, दोन, तीन. सगळं सांगितलं. सांगताना त्याला हलकं वाटत गेलं, आणि तसं वाटतंय हेही त्याला कळत होतं.

लिनेटचा हात पेटीवरच राहिला.

"तपासता येतं का?"

"नाही म्हणाले. आधी काही कळत नाही."

"कळलं तर उपाय?"

"नाही."

"आईला सांगायचं नव्हतं ना मला?"

"नाही. शब्द घेतला होता तिने."

"मग मला का सांगितलंस, बाबा?"

या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते बापाने मुलीला द्यावं असं नव्हतं. एकट्याला ते ओझं पेलवत नव्हतं म्हणून तिच्या डोक्यावर ठेवलं. लिनेटने हात मागे घेतला, पँटला पुसला, आणि पुसताना स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग ती घरात गेली. गाडीत सामान भरल्याचा आवाज आला. उद्या जायची होती, ती त्याच दुपारी गेली. जाताना त्याच्या गालाचा मुका घेतला. रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला परवडलं असतं.

ती दर गुरुवारी फोन करते. संध्याकाळी सहाला, पोरांचं खाणं झालं की. पोरांच्या शाळेचं सांगते, हवेचं सांगते, औषध घेतोस का विचारते. त्या दुपारबद्दल दोघंही बोलत नाहीत. नोव्हेंबरात तिला सर्दी झाली. सर्दीच होती, तिनेच सांगितलं, घरातल्या सगळ्यांना झालीय. बोलता बोलता मध्येच तिचा आवाज बंद व्हायचा. खोकला त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती फोनवर हात दाबून धरत होती. हाताआडून काही ऐकू येत नव्हतं. मॅटी इकडे रिसीव्हर कानाशी घट्ट धरून, श्वास रोखून थांबायचा.

मग तिकडून हात निघायचा. "हं," ती म्हणायची, "काय सांगत होते मी?"